फिरता गुमास्ता आणि त्याची वही



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. हा गट शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकतो. हिशेब काढता काढता कळलं, की तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदाराकडे गटाचे पैसे अडकलेत. किती? बहुतेक जणी म्हणाल्या ४,२००, एकदोघी म्हणाल्या त्याहून जास्त. कधीपासून? एकीच्या मते दसऱ्यापासून, दुसरीच्या मते श्रावणापासून. लिहिलेलं कुणाकडंच नव्हतं. "ओळखीचा माणूस आहे, बुडवायचा नाही," असं अध्यक्षताई म्हणाल्या. मग आम्ही तिघी जाऊन त्याला भेटलो. त्यानं गल्ल्याखालून वही काढली. त्याच्या वहीत २,६०० होते.

आता काय बोलणार? त्याच्याकडे वही होती आणि आमच्याकडे आठवण होती.

परत येताना एसटीत बसल्या बसल्या मला बी.ए.च्या वर्षांत वाचलेला जुना व्यापार आठवला. आपल्या सोलापुरात आगगाडी नवी नवी आली, तेव्हा घाऊक किराणा पेढीची माणसं गावोगाव फिरायची. त्यांना गुमास्ता म्हणत. राजे आणि लढायांच्या इतिहासात त्यांचं नाव नाही. पण तुमच्या-माझ्या खापरपणजीच्या चुलीपर्यंत मीठ, हिंग, सुपारी आणि घासलेट ज्यांनी पोचवलं, त्यात हा माणूस होता. आज त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

आधी तो येण्याअगोदरचं सांगते. रेल्वे नव्हती तेव्हा कोकणातलं मीठ, खोबरं, सुपारी घाटावर यायची ती बैलांच्या पाठीवर. लमाण आणि वंजारी यांचे तांडेच्या तांडे, शेकडो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर गोणी, आणि बरोबर बायका-पोरांसकट सगळा संसार. दिवसाला चार-पाच कोस चालायचं, पाऊस लागला की मुक्काम करायचा. मुंबईहून सोलापूर म्हणजे महिनाभराची वाट. तांडा येईल तेव्हा येईल. गावच्या वाण्यानं मीठ संपलं म्हणून सांगितलं, की घरात मीठ जपून वापरायचं, दुसरा इलाज नव्हता. पुढं रेल्वेनं या तांड्यांचं वाहतुकीचं काम हळूहळू काढून घेतलं. आज सोलापूरच्या आसपास तांड्यावर राहणाऱ्या आपल्या गटांतल्या मैत्रिणींच्या पणज्या त्या वाटेवर चालल्या आहेत, हे विसरू नका. रेल्वेनं काय दिलं हे सगळे सांगतात, कुणाचं काय गेलं हे फारसं कुणी सांगत नाही.

मुंबई-ठाणे पहिली गाडी १८५३ ची, हे शाळेत पाठ केलेलं असतं. सोलापूरला गाडी आली जून १८६० मध्ये. यात एक गंमत आहे. त्या वेळी बोरघाट पूर्ण व्हायचा होता! म्हणजे मुंबईकडून रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत, आणि वर खंडाळ्यापासून पुणे, दौंड, कुर्डुवाडी, मोहोळ, सोलापूर. मधला घाट रिकामा. मुंबईचा माल खोपोलीला उतरवायचा, बैलगाड्यांनी घाट चढवायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत भरायचा. माणसंही तशीच जायची, पालखीतून, तट्टावरून किंवा पायी. घाट जोडला गेला १८६३ साली.

या घाटाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज ठेकेदारानं १८५९ मध्ये हे काम घेतलं आणि हिंदुस्थानात आल्यावर काही आठवड्यांतच तो वारला. ठेका सोडून मायदेशी जायचं सोडून त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, काम स्वतःकडे घेतलं, हाताखाली इंजिनिअर नेमले आणि घाट पुरा केला. ऐन भरात या कामावर चाळीस हजारांवर मजूर होते. त्यांत आपल्याकडच्या बायकाही डोक्यावर पाट्या वाहत होत्या. ॲलिसबाईंचं नाव निदान कागदावर आहे.

घाट जोडला आणि मुंबई-सोलापूर एका अखंड रुळावर आलं. महिन्याची वाट दिवस-दीड दिवसाची झाली. पुढं १८७१ मध्ये हीच लाइन रायचूरला जाऊन मद्रासकडच्या लाइनीला भिडली. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी चालू झाली, तीच आपली जुनी मिल. १८८४ मध्ये होटगीहून विजापूर-गदगकडे फाटा गेला. सोलापूर चारी बाजूंनी उघडलं.

आता माल कसा यायचा ते पाहू. मुंबईला मशीद बंदर, मांडवी हा किराण्याचा मोठा बाजार. मलबारची सुपारी आणि मिरी, कोकणचं खोबरं, अरबस्तानचा खजूर, इराण-अफगाणिस्तानकडचा हिंग, आणि मॉरिशस बेटावरची पांढरी साखर. तिला आपल्याकडं 'मोरस' म्हणत. पुष्कळ घरांत ती देवाला चालत नसे, हाडाच्या कोळशानं साफ करतात म्हणून. नैवेद्याला गूळच. हा माल वाडीबंदरच्या मालधक्क्यावर गाडीत चढायचा. रेल्वे त्याची पावती द्यायची, ती बिल्टी. बिल्टी टपालानं सोलापूरच्या पेढीवर यायची आणि ती दाखवल्याशिवाय सोलापूरच्या मालधक्क्यावर माल सुटत नसे. उशीर केला तर डेमरेज. म्हणजे कागद आधी आणि पोतं नंतर. तांड्याच्या व्यापारात माल हाच पुरावा होता. रेल्वेच्या व्यापारात कागद पुरावा झाला. माझ्या मते सगळा बदल याच एका गोष्टीत आहे.

पोती पेढीच्या वखारीत आली, पण ती विकायची कुठं? सोलापूरच्या मंगळवार बाजारात काही खपायची. बाकीची खेड्यापाड्यांतल्या वाण्यांकडं जायची. तिथं आपला गुमास्ता निघायचा.

त्याच्याजवळ सामान फार नसे. कापडात बांधलेल्या नमुन्याच्या पुरचुंड्या, एक अडकित्ता, लांबोळकी वही, दौत-बोरू. आणि शिदोरी. शिदोरीत दशम्या, कारण दुधात भिजवलेली दशमी प्रवासात सोवळ्यालाही चालायची आणि दोन दिवस मऊ राहायची. त्या दशम्या पहाटे उठून कोण करत होतं, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. पेढीच्या खर्चातही ते धरलेलं नाही. आपल्या गटाच्या हिशेबात जळण आणि दळण लिहितो, पण मजुरी लिहायची राहते, तसंच.

गाडीनं पाकणी, मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम, जेऊर अशी स्टेशनं घ्यायची. उतरलं की पुढं पायी, नाहीतर तट्टावर, नाहीतर एखाद्या बैलगाडीत बसून आडगावात जायचं. ज्या गावचा बाजार ज्या वारी, त्याच्या आदल्या दिवशी तिथं पोचायचं, म्हणजे वाण्याला बाजारासाठी काय हवं ते कळतं. दुकानात गेलं की पुरचुंड्या सोडायच्या. वाणी सुपारी फोडून आतली नक्षी बघणार, हळकुंड मोडून रंग बघणार, गूळ जिभेवर ठेवणार, हिंग नुसता नाकाशी नेणार. मग घासाघीस. मग 'इतकी पोती धाडा' हे वहीत लिहायचं, आणि माल मागून यायचा. विकणारा माणूस मालाशिवाय फिरतो, नुसत्या नमुन्यावर आणि शब्दावर, ही रीत रेल्वेमुळं पक्की झाली. कारण मागून येणारा माल आता बहुतेक वेळा खरोखर येत होता.

सोलापूरच्या गुमास्त्याला जिभा पण तीन-चार लागायच्या. मोहोळकडं मराठी, अक्कलकोटकडं कानडी, शहरात तेलुगू विणकर, पेढीवर गुजराती किंवा मारवाडी. नाणीसुद्धा दोन. बार्शीच्या पलीकडं, तुळजापूर, नळदुर्ग, धाराशिवकडं निजामाचं राज्य. तिथं हाली रुपया चाले आणि त्याची किंमत इंग्रजी कलदारापेक्षा कमी. मधे जकात. अक्कलकोटचं संस्थान आणखी वेगळं. आज सोलापूरहून तुळजापूरला देवीला जाताना आपल्याला कुठं राज्य बदलल्यासारखं वाटतं का? त्याला दर वेळी वटाव काढावा लागायचा.

मापांचा घोळ तर विचारूच नका. मुंबई बाजारातला मण आजच्या साधारण तेरा किलोचा. रेल्वेचा मण चाळीस शेरांचा बंगाली, म्हणजे ३७ किलोंच्या वर. आणि खेड्यात तर वजन नव्हेच, माप. शेर, अधोली, पायली. माल तोलून यायचा आणि मापून विकला जायचा. मधली कसर वाण्याच्या पदरात.

तुमच्या लक्षात आलं असेल, आता आपण दुकानाच्या फळीच्या अलीकडं आलो, जिथं बाई उभी आहे. तिच्या हातात बहुधा पैसा नसायचा. ओच्यात ज्वारी असायची. ज्वारी घालायची आणि मीठ, तेल, मिरची घ्यायची. घेताना वाण्याचं माप शीग लावून भरायचं, देताना काठाला सपाट. सगळेच वाणी असे होते असं मी म्हणत नाही, अडीअडचणीला उधार देऊन घर तारणारेही होते. पण माप त्याचं होतं आणि वहीही त्याचीच होती. लिहिणं मोडीत किंवा कानडीत किंवा गुजरातीत, वाचणारं घरात कोणी नाही. सुगीला धनी जाऊन हिशेब करायचा, तोही अंगठ्यावर.

आणि याच वाण्याची वही गुमास्त्यापुढं उघडायची तेव्हा तो काय करी, हे ऐका. आधी मागची बाकी. ऑर्डर नंतर. पेढीनं वाण्याला माल उधारीवर दिलेला असे, दोन महिन्यांच्या किंवा सुगीच्या बोलीवर, पण तिथी लिहिलेली असे. रोकड जवळ घेऊन फिरणं धोक्याचं, म्हणून हुंडी. दर्शनी हुंडी म्हणजे दाखवली की पैसे, मुदती हुंडी म्हणजे ठरल्या दिवसांनी पैसे. १८८० पासून पोस्टाची मनिऑर्डर आली. त्याच्या आदल्या वर्षी, १८७९ मध्ये, पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं, म्हणजे एका पैशात 'बाकी अमुक, अमुक तिथीस येतो' असा निरोप जायला लागला. गुमास्ता यायचा तो त्या तिथीला. गाडीला वेळापत्रक होतं म्हणून त्याला वेळापत्रक पाळता आलं. वाण्याला ठाऊक असायचं, हा माणूस पुन्हा येणार आहे आणि त्याच्या वहीत माझी सही आहे.

म्हणजे बघा. मुंबईपासून खेड्यातल्या दुकानापर्यंत प्रत्येक व्यवहाराला दोन वह्या होत्या, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, आणि त्या ठरल्या दिवशी एकमेकींशी ताडून बघितल्या जायच्या. फक्त शेवटच्या पायरीवर, वाणी आणि घर यांच्यात, एकच वही होती.

भावाचंही तसंच. तारयंत्र लोकांसाठी १८५५ पासून खुलं झालं आणि रुळाच्या कडेनं तारा गेल्या. मुंबईत ज्वारी-कापसाचा भाव काय, हे सोलापूरच्या पेढीला त्याच दिवशी कळू शकत होतं. शेतकऱ्याला कळत नव्हतं. बाजारात दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, त्याला हत्ता म्हणत. ज्याचा माल, तो शेजारी उभा राहून नुसता रुमाल हलताना बघायचा. १९३९ साली मुंबई प्रांतात शेतमाल बाजाराचा कायदा झाला, तेव्हा कुठं उघड लिलावाची सोय व्हायला लागली.

१८७६ साली पाऊस गेला. सोलापूर जिल्हा त्या दुष्काळात फार होरपळला. रेल्वेनं बाहेरून धान्य आलं, पुष्कळ आलं. पोती स्टेशनवर उतरत होती आणि लोक उपाशी होते, कारण विकत घ्यायला हातात काही नव्हतं. ओच्यातली ज्वारीच गेली होती, मग घालणार काय? दुष्काळी कामावर खडी फोडायला बाया-माणसं गेली. तिथं बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी. गाडी धान्य आणते हे खरं, पण ती पैशाकडं आणते. हे मी गाडीला नावं ठेवायला म्हणत नाही. गाडी नसती तर याहून हाल झाले असते. पण स्टेशनातलं पोतं आणि घरातली भाकरी यांच्यामधलं अंतर रुळानं मोजता येत नाही.

त्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारापासून सावकारांविरुद्ध दंगे उसळले होते. लोकांनी काय जाळलं? वह्या आणि कर्जरोखे. सगळा राग कागदावर होता. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी एक कायदा केला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात इतर बरंच काही होतं, पण आपल्या कामाचं एवढंच सांगते. पैसे फेडणाऱ्या शेतकऱ्याला पावती मागण्याचा हक्क मिळाला, वर्षाचा हिशेब लेखी मागण्याचा हक्क मिळाला, आणि आपलं खातं पासबुकात मांडून मागण्याचा हक्क मिळाला. पासबुक! आपण बँकेत कडेला उभं राहून ज्यात शिक्के मारून घेतो, तेच. हक्क कागदावर आला तरी वाचता येणारे थोडे होते, त्यामुळं किती जणांनी मागितलं असेल ही शंकाच आहे. तरी दुसरी वही शेतकऱ्याच्या हातात असली पाहिजे, हे कायद्यानं तेव्हा मान्य केलं.

गुमास्त्याची लाइन पुढं लांबत गेली. बार्शी हे निजामाच्या मुलखातल्या मालाचं मोठं पेठेचं गाव, पण मोठी लाइन कुर्डुवाडीवरून गेलेली, म्हणून ते स्टेशनच 'बार्शी रोड' म्हणून ओळखलं जायचं. तिथून बार्शीपर्यंत बैलगाड्यांच्या रांगा. १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे आली. तीच पुढं १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला गेली. आपल्यातल्या थोरल्या बायका या गाडीनं वारीला गेलेल्या आहेत. ती रमतगमत चालायची, त्याचे किस्से त्या अजून हसत सांगतात. गुमास्त्याला मात्र ती लातूरपर्यंत घेऊन गेली.

त्याच्या पुरचुंडीतला मालही बदलत होता. घासलेटचे डबे आले. घासलेट संपलं की डबा घरात राहायचा, पाणी तापवायला, धान्य ठेवायला, तुळस लावायला. काडेपेटी आली, म्हणजे शेजारणीकडून विस्तव आणणं कमी झालं. विसाव्या शतकात चहाच्या पुड्या आल्या. चहा खपवायला निघालेली माणसं आधी तयार चहा पाजून सवय लावायची आणि मग पुडी विकायची. आज आपण प्रदर्शनात काडीवर चटणी चाखायला देतो, ती विद्या जुनीच आहे.

आणि गुमास्ता आजही आहे. आता तो मोटारसायकलवर येतो, हातात मोबाइल असतो, आणि दुकानदार म्हणतो, "थांबा, आज मंगळवारची लाइन आहे." तो आधी मागचं बिल घेतो आणि मग नवी ऑर्डर लिहितो. ज्या दुकानदाराकडं आमच्या गटाचे पैसे पाच-सहा महिने अडकले होते, तोच त्या मोटारसायकलवाल्याला त्याच दिवशी पैसे मोजून देताना मी डोळ्यांनी पाहिला. दुकानदार वाईट नाही. जो ठरल्या वारी वही घेऊन येतो त्याला तो देतो, जी कधीतरी येऊन "भाऊ, बघा की" म्हणते तिला थांबवतो.

त्या बैठकीनंतर गटानं शंभर पानी वही घेतली. एका पानावर एक दुकान. तारीख, किती पाकिटं दिली, किती परत आली, किती रुपये मिळाले, आणि समोर दुकानदाराची सही. सही मागायला बायकांना फार संकोच वाटत होता. "विश्वास नाही असं वाटेल त्यांना," असं दोघी-तिघी म्हणाल्या. मी विचारलं, बँकेचा साहेब आपली सही घेतो तेव्हा आपल्याला तसं वाटतं का? हसल्या. वार मंगळवारच ठरवला, एसटी सोयीची आहे म्हणून. पहिल्या मंगळवारी त्या दुकानदारानं सही केली नाही, पैसेही दिले नाहीत. दुसऱ्या मंगळवारी वही उघडून बघितली आणि ठेवून दिली. तिसऱ्या मंगळवारी १,१०० दिले आणि सही केली. त्याच्या वहीप्रमाणं १,५०० उरले आहेत. वरच्या १,६०० चं काय करायचं, सोडायचे की मागत राहायचं, यावर गटात अजून एकमत नाही. थोरल्या बाई म्हणतात सोडा. कुटणाऱ्या दोघी म्हणतात, आमचे हात दुखलेत, का सोडायचे?

येत्या मंगळवारी पुन्हा जायचंय. या खेपेला वही सचिवताई घेणार आहेत, त्यांचं अक्षर चांगलं आहे.